पहिल्या गाडीखालची खडी

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात मोडतो तो नव्हे, घड्याळात फिरतो तोही नव्हे. मी वजनाचा काटा. अंगाला हिरवा रंग, पोटावर पांढरी तबकडी, डोक्यावर पत्र्याची परात. पाच किलोपर्यंत काहीही ठेवा, खरं तेच सांगेन. पाचाच्या वर गेलात, तर मात्र माझी सुई कोपऱ्यात जाऊन तोंड लपवते.

कारखान्यात आम्हा काट्यांना तपासायला एक बाई होत्या. चष्मा कपाळावर चढवून त्या प्रत्येकावर पितळी वजनं ठेवायच्या आणि कानाशी येऊन म्हणायच्या, "खोटं बोललास तर परत भट्टीत हं!" मी जन्मात कधी खोटं बोललो नाही, त्याला त्या बाई कारण.

मला विकत घेतलं ते एका नव्या नवरीनं. तिनं माझ्यावर पीठ तोललं, साखर तोलली, लोकरीचे गुंडे तोलले. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि परत देताना म्हणायच्या, "तुमचा काटा भारी इमानी बाई!" ते ऐकून माझी स्प्रिंग ताठ व्हायची.

मग घरात दुसरा काटा आला. चपटा, काचेचा, लाल आकडे दाखवणारा. माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. नवरीची सासूबाई होईपर्यंत मी तिथंच धूळ खात पडलो. माझ्या तबकडीवर एका कोळ्यानं संसार थाटला, मुलंबाळं झाली, ती मोठी होऊन निघूनही गेली. मला मात्र कुणी हाक मारली नाही.

एक दिवस घरात बाळ आलं. सूनबाईनं त्याला काचेच्या काट्यावर ठेवलं. बाळ हातपाय झाडायला लागलं तसे आकडे नुसते पळायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवट्याला काय कळतंय? माझा हिरवा काढ." त्यांनी मला पुसलं, माझ्या बुडाखालचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली, परातीत मऊ दुपटं अंथरलं. मग ती इवलीशी पोर माझ्या डोक्यावर आली. सव्वातीन किलो. मित्रांनो, इतकं हलकं आणि इतकं मोलाचं ओझं मी त्याआधी कधी उचललं नव्हतं.

तेव्हापासून माझी जागा स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तिथंच सूनबाईचं ऑफिस होतं. ती गाड्यांच्या एका साप्ताहिकात रॅलीचं प्रगतिपुस्तक लिहायची. रॅली म्हणजे बंद केलेल्या कच्च्या रस्त्यावरची शर्यत. गाड्या एकदम सुटत नाहीत, दोन-दोन मिनिटांनी एकेक सुटते. सगळ्यात कमी वेळात जो पोचेल तो पहिला. वर्षाला अशा आठ फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर सूनबाई प्रत्येक ड्रायव्हरला आणि प्रत्येक संघाला दहापैकी गुण द्यायची. कोण किती वेगानं गेला, कोणाचं कुठं चुकलं, कोणत्या संघानं फुटलेलं चाक किती मिनिटांत बदललं, सगळं त्यात यायचं. तिच्या गुणांना मान होता. पाव गुणावरून लोक हातघाईवर यायचे.

पूर्वी ती हे सारं वळणावर उभी राहून लिहायची. यंदा बाळ लहान. म्हणून वेळेचे कागद घरी यायचे आणि बाळ झोपलं की ती टेबलावर पसरायची. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर मला ठेवायची. त्यामुळे त्या हंगामाचा प्रत्येक आकडा माझ्या पोटाखालून गेला आहे.

त्या हंगामात एका पोरीचं नाव गाजत होतं. पहिल्याच शर्यतीत तिची गाडी तीन गिरक्या घेऊन सरळ उभी राहिली होती, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. गाडी तिच्या मामाची, गॅरेज मामाचं, आणि शेजारी बसून वहीतली वळणं वाचून दाखवणाराही मामाच. मोठ्या संघाकडे एकसारख्या कपड्यांतली बारा माणसं; यांच्याकडे सहा मेकॅनिक आणि एक कुरकुरता जॅक. तरी पहिल्या तीन फेऱ्यांत भिंगरीला आठ, नऊ, नऊ गुण मिळाले आणि ती हंगामात आघाडीवर गेली.

चौथ्या फेरीत ती पाचवी आली. पाचव्या फेरीत सहावी. सूनबाईनं कागद पाहिले, मान हलवली आणि लिहिलं: पाच. मग लिहिलं: चार.

साप्ताहिक बाहेर पडलं त्याच दुपारी दार वाजलं. मामा तरातरा आत आला. मागून भिंगरी.

"बाई, चार?" मामा म्हणाला. "चार गुण तर आमच्या गाडीच्या आरशालाही मिळतील!"

"आरसा वळणावर दगडाला घासला नसता," सूनबाई म्हणाली.

"भांडण आधी की चहा आधी?" सासूबाईंनी विचारलं.

"चहा," मामा म्हणाला आणि बसला. त्याचा आवाज खाली आला. "ताई, पुढच्या वर्षी मी गाडी उतरवणार नाही. मान धरते माझी, वळणं वाचवत नाहीत. पोरीला टायर कंपनीचा संघ घ्यायला तयार आहे. पण त्यांची अट आहे. ते म्हणतात, चषक नशिबानंही मिळतो, आम्ही प्रगतिपुस्तक बघणार. वर्षाची सरासरी आठ पाहिजे. नाहीतर ही घरी बसली."

"म्हणून मी गुण वाढवू?"

"नको," भिंगरी पहिल्यांदाच बोलली. "तो दगड माझाच होता. त्याचे गुण कापा. पण ताई, यंदा तुम्ही एकदा तरी रस्त्यावर आला होता का?"

सूनबाईनं कागद सारखे केले आणि माझ्याखाली सरकवले. बाळानं टेबलाखालून एक कागद ओढला.

"जो आघाडीवर असतो त्याला सगळ्यांच्या आधी सोडतात, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकतात," भिंगरी म्हणाली. "रस्त्यावर सुटी खडी असते. पहिली गाडी तिच्यावर घसरत घसरत जाते आणि खडी कडेला फेकते. मागच्यांना स्वच्छ रस्ता मिळतो. मी यंदा ड्रायव्हर नाही, झाडूवाली आहे."

"हरल्यावर प्रत्येक जण काहीतरी कारण सांगतो गं," सूनबाई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

सासूबाई कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "इतकी वर्षं अंगण मी झाडते. धूळ माझ्या नाकात जाते आणि मागून येणारा म्हणतो, वा, काय स्वच्छ आहे!"

पाहुणे गेले. सूनबाईनं मला जवळ ओढलं. मग तिनं माझ्या बुडाखालचा स्क्रू उगाचच थोडा फिरवला. सुई पन्नास ग्रॅमवर जाऊन थांबली. परात रिकामी, आणि मी पन्नास ग्रॅम दाखवतोय! "आई," ती हळूच म्हणाली, "मी सगळ्यांना एकाच शून्यावरून मोजत होते. आणि तिचं शून्यच वेगळं होतं."

तिनं फक्त अंदाजानं गुण बदलले असते तर ते खोटं ठरलं असतं. तिला आकडा हवा होता. दुसऱ्या दिवशी तिनं मला दुपट्यात गुंडाळलं.

"माझ्या काट्यावर दगडं?" सासूबाई ओरडल्या. "मीही येते. तो धड परत येईपर्यंत मला चैन नाही पडायचं."

खडीच्या खाणीमागं अर्ध्या किलोमीटरचा एक बंद रस्ता होता. सूनबाईनं फोटोची एक रिकामी चौकट आणली होती. चाकांच्या वाटेवर ती चौकट ठेवायची, आतली सुटी खडी ब्रशनं गोळा करायची आणि माझ्या परातीत ओतायची. गाडी सुटण्यापूर्वी वजन भरलं दोन किलो. भिंगरीनं गाडी पळवली: चौतीस सेकंद. पुन्हा खडी तोलली, दर वेळी जरा पुढची जागा घेऊन. दीड किलो. मग एक किलो. सहाव्या वेळेला माझी सुई जेमतेम तीनशे ग्रॅमवर आली आणि भिंगरी तेहेतीस सेकंदांत पोचली. अर्ध्या किलोमीटरला एक सेकंद! शंभर किलोमीटरच्या रॅलीत काय होत असेल!

साप्ताहिकाचे संपादक बाजूला हाताची घडी घालून उभे होते. "बाई, सहा वेळा तोच रस्ता कापला की माझी आजीपण वेगात जाईल. हा सरावाचा परिणाम आहे."

मुद्दा बरोबर होता. सूनबाई पदर खोचत म्हणाली, "खडी परत रस्त्यावर टाका."

"काय?"

"कडेची सगळी खडी झाडून परत मधे आणा. मग सातव्यांदा पळवू. सराव असेल तर वेळ आणखी कमी येईल."

मित्रांनो, तो देखावा मी विसरणार नाही. मामा, सहा मेकॅनिक आणि खुद्द संपादक, सगळे हातात झाडू घेऊन रस्त्यावर! लोक रस्ता साफ करायला झाडतात. हे रस्ता घाण करायला झाडत होते. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन सावलीतून हुकूम सोडत होत्या. "अहो साहेब, झाडू आडवा धरा! पंखा नाही तो!"

घामाघूम होऊन सगळे बाजूला झाले. मी खडी तोलली. एक किलो नऊशे. भिंगरी सुटली. सूनबाईनं घड्याळ दाबलं.

चौतीस सेकंद.

संपादकांनी झाडू खाली ठेवला. "हरलो," ते म्हणाले. "छापा."

सूनबाईनं छापलं. आधी एक ओळ: गेल्या दोन फेऱ्यांत, एक दगड सोडला तर, चूक ड्रायव्हरची नव्हती, माझी होती, मी रस्ता न बघता गुण दिले. मग तिनं सगळ्यांचेच गुण नव्यानं काढले. खाणीतली खडी जास्त दाट, म्हणून हिशेबात निम्माच फरक धरला. मागून सुटून जिंकलेल्यांचे गुण उतरले, त्यांनी फोनवर आकाशपाताळ एक केलं. भिंगरीच्या पाचाचे आठ झाले आणि चाराचे सहा. "सहाच?" मामानं विचारलं. "दगड," सूनबाई म्हणाली.

पुढच्या दोन फेऱ्यांची खडी डब्यातून घरी आली, मी तोलली. सहाव्या फेरीत आठ, सातव्या फेरीत सात. आता मामानं बोटं मोजली. सरासरी आठ व्हायची तर शेवटच्या फेरीत नऊ हवेत. सूनबाईनं त्या हंगामात मोठ्या संघातल्या कुणालाही नऊपर्यंत पोचू दिलं नव्हतं. आणि भिंगरी अजून आघाडीवर, म्हणजे पुन्हा पहिली तीच सुटणार.

शेवटच्या फेरीला आम्ही सगळे रस्त्यावर गेलो. सकाळी रस्ता बंद होण्यापूर्वी अधिकाऱ्यांच्या परवानगीनं सूनबाईनं चौकट ठेवली. एक किलो सातशे. हंगामातली सगळ्यात जाड खडी. भिंगरीनं माझ्या तबकडीकडे वाकून पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि हेल्मेट चढवलं.

"भिंगरे," मामा म्हणाला, "आज गिरकी नको."

"आज सरळच जाणार मामा. तू फक्त मोठ्यानं वाच."

ती गाडी वळणावर आली तेव्हा मागं धुळीचा डोंगर होता आणि खडी दोन्ही बाजूंना उडत होती. मागचं चाक घसरलं, पार कडेपर्यंत गेलं, सूनबाईनं माझी परात घट्ट धरली. पण गाडीचं नाक वळणाबाहेर गेलं नाही. एकदाही नाही. सूनबाई पुटपुटली, "बघायला यायलाच हवं होतं मी. कागदावर हे कुठं दिसतं?"

संध्याकाळी निकाल लागला. भिंगरी चौथी. पहिल्यापेक्षा फक्त वीस सेकंद मागं. हंगामाचा चषक क्रमांकांच्या गुणांवर मिळतो, तो दोन गुणांनी हुकला. तो मिळाला सातव्या क्रमांकानं सुटलेल्या ड्रायव्हरला. पण तो टोपी काढून भिंगरीकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, रस्ता छान झाडला होतात. आभारी आहे." हसत म्हणाला, पण खोटं नव्हतं ते.

सूनबाईनं संपादकांना बोलावलं. "साहेब, मला माहीत आहे तिला नऊ हवेत. माझा हात हलका पडेल किंवा मुद्दाम जड पडेल. तुम्ही तिकडं बसून हिशेब करा, मी इकडं करते. एकमेकांचा कागद बघायचा नाही."

दोघं दोन गाड्यांच्या बॉनेटवर वाकले. मी सूनबाईच्या कागदावर. तिनं खडीचं वजन घेतलं, प्रत्येकाची सुटण्याची जागा घेतली, वेळ घेतला. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा तोच आकडा आला. खडीचा भार वजा केला तर त्या दिवशी सगळ्यात वेगवान गाडी भिंगरीची होती. चूक एकही नाही. एका वळणावर मात्र ती गरजेपेक्षा जपून गेली होती, त्याचा एक गुण गेला. सूनबाईनं लिहिलं: नऊ.

"माझे दहा," संपादक ओरडले. "मी झाडू मारलेला माणूस आहे, मला कळतं!"

"नऊच छापा," सूनबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मामा खाली बसला. मेकॅनिकांनी भिंगरीला खांद्यावर घेतलं. भिंगरीनं वाकून मला उचललं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. "अगं हळू! पाच किलोचा आहे तो, पन्नास वर्षांचा आहे!" सासूबाई खालून ओरडत होत्या. टाळ्या इतक्या वाजल्या की चषकवाले सुद्धा वळून बघायला लागले. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर चषक कोपऱ्यात होता. मध्यभागी भिंगरी होती, आणि तिच्या डोक्यावर मी.

टायर कंपनीच्या माणसांनी खडीच्या नोंदींची वही मागवली, उलटसुलट तपासली, आणि चौथ्या दिवशी भिंगरीची सही झाली. आता प्रत्येक फेरीच्या सकाळी रस्त्यावरची खडी तोलतात, आणि प्रगतिपुस्तकाच्या पहिल्या ओळीत कुणा ड्रायव्हरचं नाव नसतं, माझा आकडा असतो.

मित्रांनो, माझी तुम्हाला थोडीच विनंती आहे. मला ओलं ठेवू नका, परातीत हातोडी आपटू नका, घरातली जुनी इमानी वस्तू नवी आली म्हणून कोळ्याच्या हवाली करू नका. आणि कुणाला चार गुण द्यायला पेन उचललंत, तर आधी विचारा की तो कितवा सुटला होता. स्वतः जाऊन बघता आलं तर उत्तमच. नाही जमलं, तर निदान एका डब्यात थोडी खडी मागवा. तोलून द्यायला मी बसलोच आहे.