माथ्याच्या बेटावरचा ट्रॅक्टर

मी ट्रॅक्टर बोलतोय. नांगर ओढणारा धिप्पाड गडी नव्हे. द्राक्षाच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारा, बुटका, लाल रंगाचा छोटा ट्रॅक्टर. जन्माचं फारसं आठवत नाही. कारखान्यातले ठोके, ठिणग्या, आणि पहिल्यांदा डिझेल पोटात गेल्यावर अंगभर उठलेली थरथर, एवढंच.

माझं पहिलं घर दिंडोरीजवळची द्राक्षबाग. पाठीमागे औषधाची टाकी लावून मी बागेत फिरायचो. माणूस माणसाला कसा मारतो, ते मी तिथेच पाहिलं. पेठकडून आलेला मंगळू नावाचा मजूर होता. त्याच्या हातून औषध कडक झालं, पानं करपली. मुकादमानं त्याला माझ्या मागच्या चाकाशी दाबून धरलं आणि फवारणीच्या पाइपानं झोडपलं. मंगळूचं रक्त माझ्या टायरवर वाळलं. दुसऱ्या दिवशी मला धुवायलाही त्यालाच सांगितलं.

पुढे मालकानं नवा ट्रॅक्टर आणला आणि मला रंगनाथला विकलं. रंगनाथ मला शेतात नेईल असं वाटलं होतं. तो घेऊन गेला थेट धरणाच्या काठावर! तिथे दोन नावा एकमेकींना बांधून वर फळ्या टाकल्या होत्या, त्यांवर मला चढवलं. त्याची मुलगी तेजस्विनी माझ्या सीटवर बसून होती, पाय ब्रेकवर घट्ट रोवलेला. पाणी हललं की मीही हलायचो.

"घाबरू नको, पोरी," रंगनाथ ओरडला.

"मी नाय घाबरत, आबा. हाच घाबरलाय," असं म्हणून तिनं माझ्या बॉनेटवर थाप मारली.

धरण भरलं तेव्हा खालचं गाव बुडालं आणि डोंगराचा माथा तेवढा वर राहिला. म्हणून त्याचं नाव माथ्याचं बेट. वर थोडी घरं, एका टोकाला देवीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला सूर्यास्त बघायचा कडा. शनिवार-रविवारी नाशिकहून, मुंबईहून पाहुणे यायचे. नावेतून धक्क्यावर उतरले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "इथं फिरायचं कसं?"

पायी फिरा, नाहीतर भागीबाईच्या भाड्याच्या सायकली घ्या, नाहीतर वाल्मीकच्या घोड्यावर बसा. आणि हे काहीच जमत नसेल तर माझ्या ट्रॉलीत गाद्या टाकलेल्याच होत्या. "आम्ही चालतच जाणार" असं ठसक्यात सांगणारे पहिल्या चढालाच झाडाखाली बसून माझी वाट बघायचे. ट्रॉलीत बसले की अनोळखी माणसंही एकमेकांना शेंगा द्यायची. मला ते दिवस फार आवडायचे. तेजस्विनी मला चालवायची आणि रंगनाथ मागे उभा राहून बुडालेल्या गावाच्या गोष्टी सांगायचा.

मग बेटावरच्या वाहतुकीचा ठेका घेऊन ठेकेदार आला. तो स्वतः कधी दिसला नाही. दिसला तो त्याचा माणूस, खंडेराव. त्यानं धक्क्यावर बॅटरीच्या पांढऱ्या गाड्या उतरवल्या आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "उद्यापासून बेटावर फक्त याच गाड्या फिरतील."

"बेट काय तुझ्या बापाचं हाय का?" भागीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सगळ्या सायकली पाण्यात होत्या. ती गळ टाकून एकेक ओढत बसली. पुढच्या आठवड्यात वाल्मीकच्या घोड्याच्या पायावर कुणीतरी सळई घातली. घोडा धक्क्याजवळ पडून ओरडत राहिला आणि बॅटरीच्या गाडीतले पाहुणे तोंड फिरवून पुढे गेले. वाल्मीकनं बेट सोडलं. आता उरलो आम्ही.

तो रविवार होता, भर दुपारची वेळ. देवळापासून पाहुणे घेऊन आम्ही धक्क्याच्या वरच्या चढावर पोचलो, तर रस्त्यात खंडेराव आणि त्याचे चौघे, मागे त्यांच्या पांढऱ्या गाड्या आडव्या लावलेल्या. हातात लोखंडी गज.

"उतरा खाली!" तो पाहुण्यांवर ओरडला. बायका पोरांना कवटाळून पळाल्या. चौघांनी ट्रॉलीची पिन उपटली आणि ट्रॉली उतारावर लोटून दिली. ती दगडांवर आपटत, उलटीपालटी होत खाली गेली. गाद्या फाटल्या, कापूस हवेत उडाला.

रंगनाथ मध्ये पडला. "खंडेराव, माणसासारखा बोल."

खंडेरावनं उत्तर दिलं ते गजानं. पहिला घाव रंगनाथनं हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. दुसरा खांद्यावर बसला. म्हातारा गुडघ्यावर आला, तरी खंडेराव मारतच होता. एकानं तेजस्विनीची वेणी धरून तिला सीटवरून खेचलं. तिनं त्याच्या मनगटाला दात लावले, रक्त येईपर्यंत. तो किंचाळून मागे सरला.

ती पुन्हा सीटवर चढली आणि तिनं गियर टाकला.

मी आजवर एवढ्या जोरात कधी धावलो नव्हतो. आधी त्या पांढऱ्या गाड्यांवर गेलो. काचा फुटल्या, पत्रे चुरगळले, एक गाडी माझ्या तोंडाला अडकून फरफटत आली आणि वाटेत सुटून पडली. चौघे वाट फुटेल तिकडे पळाले. खंडेराव धक्क्याकडे धावला आणि आम्ही त्याच्या मागे. खोटं कशाला बोलू, मलाही तो चाकाखाली हवा होता.

धक्क्यावर नावेच्या दोरात पाय अडकून तो उताणा पडला. मागे भिंत, बाजूला पाणी, समोर आम्ही. त्यानं दोन्ही हात वर केले.

"ताई! ताई, नको!"

वरून रंगनाथची हाक आली, "तेजा!" थांब म्हणून की चिरड म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

तिनं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. माझं पुढचं चाक खंडेरावच्या कानाला घासून गेलं. मग खाली जमीनच नव्हती.

पाणी नाकातोंडात शिरलं, इंजिन गुदमरून बंद पडलं. तेजस्विनी माझ्यापासून सुटून वर गेली. वरच्या उजेडात तिचे पाय हललेले मी पाहिले आणि मी तळाला टेकलो.

नंतरचं नावाड्यांच्या बोलण्यातून कळतं. रंगनाथचा हात वाकडाच जुळला. ठेकेदार गाशा गुंडाळून गेला. भागीबाईच्या सायकली पुन्हा फिरू लागल्या आणि तेजस्विनी पाहुण्यांना पायी हिंडवून बेट दाखवते. खटला मात्र दिंडोरीच्या कोर्टात चालूच आहे. खंडेराव म्हणतो, "ती मला मारायला आली होती, स्टिअरिंग हातातून निसटलं म्हणून मी वाचलो." तेजस्विनी म्हणते, "मारायलाच निघाले होते. मग वळवला." यातलं पहिलं वाक्य सगळ्यांना पटतं, दुसरं कुणाला पटत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की माझं बॉनेट उघडं पडतं. गंज चढलाय, सीटमध्ये मासे राहतात. पाहुणे नाव थांबवून फोटो काढतात. त्यांनी मला बाहेर काढावं, असं माझं मागणं नाही. फक्त कुणी विचारलं, तर एवढं सांगा. तिच्या हातातून काहीही निसटलं नव्हतं. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून तिनं मला वळवलं. ते स्टिअरिंग माझं होतं.