तपकिरी, नंबर तीन

पंख्यांच्या कारखान्यात त्याला सगळे सेकंदराव म्हणत. हातात स्टॉपवॉच घेऊन तो कामगारांच्या मागे उभा राहायचा आणि कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते टिपून घ्यायचा. बारा सेकंदांचं काम नऊ सेकंदांत कसं होईल, हाच त्याला ध्यास. स्वतःही कधी एका जागी टिकला नाही. जेवायला बसला तरी एक पाय दाराकडे.

मागच्या वर्षी एका मशीनची स्प्रिंग उडाली आणि त्याचा डावा डोळा गेला. जखम भरल्यावर इस्पितळातल्या माणसाने त्याच्यासमोर एक खोका उघडला. कप्प्याकप्प्यांत डोळे, बटणांसारखे. त्याने तीन-चार लावून पाहिले, त्यातला एक बसला.

"तपकिरी, नंबर तीन. झालं, निघा."

पंधरा मिनिटांत सेकंदराव रस्त्यावर. तेव्हा त्याला त्या कामाचं कौतुकच वाटलं होतं.

पण तो डोळा काही केल्या रुळेना. आत खुपायचं, सारखं पाणी यायचं, आणि उजवा डोळा कुठेही वळला तरी डावा आपला समोर रोखून बसलेला. एकदा तो पाती जोडणाऱ्या दोघींच्या मागे घड्याळ धरून उभा होता. त्यातली एक वळून म्हणाली, "साहेब, नक्की कुणावर डोळा आहे तुमचा? माझ्यावर की हिच्यावर?"

सगळी रांग खो खो हसली. तोही हसला. मग बाथरूममध्ये गेला, कडी लावली, डोळा काढून तळहातावर ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

डोळे हाताने करून देणाऱ्या बाईंचा पत्ता इस्पितळातल्या नर्सने दिला. चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला. मोठ्या खिडकीपाशी एक टेबल, त्यावर रंगांच्या बाटल्या आणि दोन-तीन केसांचे ब्रश. बाई साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या.

"किती वेळ लागेल?" त्याने बसण्याआधीच विचारलं.

"सहा-सात फेऱ्या."

"सात फेऱ्या? अहो, तेवढ्या वेळात आमच्याकडे हजार पंखे होतात!"

"तुम्हाला हजार डोळे हवेत का?"

पहिल्या दिवशी बाईंनी खोबणीचा साचा घेतला. दुसऱ्या दिवशी मेणाचा डोळा बसवून पाहिला आणि कडेकडेने खरवडत राहिल्या. तिसऱ्या दिवसापासून रंग. त्याच्या उजव्या डोळ्यात बघायचं, ब्रश टेकवायचा, पुन्हा बघायचं. एक थर वाळला की दुसरा. सेकंदरावच्या बुडाखाली जणू काटे पेरलेले. तो खुर्चीतून उठायचा, खिडकीबाहेर डोकवायचा, परत बसायचा. एकदा त्याच्या मनासारखं बुबुळ तयार झालं आणि बाईंनी ते उचलून कचऱ्यात टाकलं.

"अहो! चांगलं होतं की!"

"तुमच्या बुबुळात मध्ये पिवळसर छटा आहे. ती आली नव्हती."

चिडून त्याने खोक्यातला डोळा काढून टेबलावर ठेवला. "हा बघा. पंधरा मिनिटांत दिलाय."

बाईंनी तो उलटा केला, मागचा आकडा वाचला आणि हसल्या. "हा आमच्या डोळ्यांच्या कारखान्यातला. अकरा वर्षं होते मी तिथे. दिवसाला साठ बुबुळं रंगवायची. मी तपकिरीवर होते. कोण जाणे, माझ्याच हातचा असेल."

"मग वाईट का झाला?"

"वाईट कुठे आहे? कुणासाठी करतेय ते मला ठाऊक नव्हतं, एवढंच."

त्याला हे पटलं नाही. चौथ्या फेरीला बुबुळ झालं, तेव्हा तो म्हणाला, "द्या आता."

"पांढऱ्या भागातल्या शिरा राहिल्यात. लाल रेशमाचे तंतू सोडवून एकेक बसवायचा असतो."

"शिरा कोण बघतंय? कारखान्यात नवी लाइन सुरू होतेय, मला इथे बसायला वेळ नाही. आहे तसा द्या!"

"अर्धा डोळा मी देत नाही."

तो जिना दणदणत उतरला. पुढचे पंधरा दिवस नवी लाइन, नवे आकडे, नुसती धावपळ. पण काम करताना कुणी मान वर केली की त्याचा हात आपोआप डाव्या डोळ्यावर जायचा. नंतर नंतर तो कामगारांच्या समोर जायचंच टाळू लागला.

त्याच दिवसांत ओळखपत्रासाठी सगळ्यांचे फोटो काढले. फोटोवाला तीनदा म्हणाला, "साहेब, दोन्ही डोळे इकडे." शेवटी म्हणाला, "राहू द्या, कॉम्प्युटरवर करतो." उजवा डोळा उचलून, उलटा करून त्याने डाव्याच्या जागी चिकटवला. अर्ध्या मिनिटात.

घरी बायकोने ते ओळखपत्र हातात घेतलं. "हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? माझं!"

ती बघत राहिली. "हे तुम्ही नाही हो," ती हळूच म्हणाली. "उद्या त्या बाईंकडे जाऊ. मीही येते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबीतून त्याचा डोळा काढला. बायको त्यावर वाकली.

"रंग अगदी तोच आहे. पण ह्यांच्या डाव्या डोळ्यात एक ठिपका होता. काळा, मोहरीच्या अर्ध्याएवढा."

"उजव्यात नाही तसा," बाई म्हणाल्या.

"उजव्यात नव्हताच. फक्त डाव्यात. खाली, घड्याळात सात वाजतात ना, तिथे."

"त्यांच्या बाजूने सात की तुमच्या?"

"माझ्या. मी समोरून बघते ना."

सेकंदराव बायकोकडे बघत राहिला. दाढी करताना रोज आरशात बघूनही त्याला तो ठिपका कधी दिसला नव्हता. "मला कधी बोलली नाहीस?"

"त्यात बोलायचं काय?"

बाईंनी सर्वांत बारीक ब्रश घेतला. ठिपका टेकवला, पुसला, पुन्हा टेकवला. "जरा वर," बायको म्हणाली. "हां. तिथेच." मग शिरा. रेशमाचा तंतू केसाहून बारीक, चिमट्याने धरून नागमोडी बसवायचा. सेकंदराव अजूनही चुळबुळत होता, दोनदा उठला, पाणी प्यायला. पण निघायचं नाव त्याने काढलं नाही. डोळ्यावर पारदर्शक थर चढवून, तो भट्टीतून काढून, घासून गुळगुळीत करायला आणखी दोन फेऱ्या लागल्या. त्या दोन्ही फेऱ्यांना तो सांगितलेल्या वेळेआधीच जाऊन जिन्यात उभा होता.

सोमवारी नवा डोळा लावून तो कामावर गेला. पाती जोडणाऱ्या दोघींसमोर मुद्दाम जाऊन उभा राहिला. त्यांनी आकडे सांगितले, त्याने लिहून घेतले. कुणी काही बोललं नाही. दुपारपर्यंत त्याचा जीव कासावीस झाला. कॅन्टीनमध्ये चार टेबलांवर उगाचच बसून आला. कुणाच्याच लक्षात येईना.

सुट्टी झाल्यावर फाटकापाशी त्याला राहवलं नाही. वॉचमनला गाठून तो म्हणाला, "नवा डोळा बसवलाय."

"असं? कुठला, साहेब?"

सेकंदरावने बेधडक उजव्याकडे बोट दाखवलं.

वॉचमन जवळ आला, मान तिरकी करून त्याने नीट निरखलं आणि म्हणाला, "तरीच! हा जरा वेगळा वाटतोय खरा."