फुंकरबाबांची टोपली

गिरणीवरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध फुंकरबाबा. समोर एक बाई बादलीत तोंड घालून ओकत होती. कॅन्सरची किमो परवाच झालेली. बाबांनी फुंकर मारली, तिच्या जिभेवर चिमूटभर पूड ठेवली. तासाभरात बाई टोस्ट खायला लागली. "चमत्कार!" खोली दणाणली.

"ओकारीच्या गोळ्या म्हणे! अरे, विषावर विष!" बाबा गरजले. "टाका माझ्या टोपलीत, मी पचवतो!"

लोक दवाखान्याच्या गोळ्या मुकाट टोपलीत टाकत. केवढा हा त्याग! सगळ्या गावाचं विष पचवूनही बाबांचं पोट कसं नगाऱ्यासारखं टणटणीत.

टेलरमास्तरांचा असल्या थोतांडावर काडीचा विश्वास नव्हता. पण पहिल्या किमोनंतर ओकून ओकून आतडी पिळवटली, तेव्हा बायकोने गोळ्यांसकट थेट इथेच आणलं. पाकीट न उघडताच टोपलीत गेलं. आणि काय सांगावं, पूड लागू पडली! गोड, स्ट्रॉबेरीच्या वासाची. मास्तर मनातल्या मनात चरफडले.

मग बाबांनी खरे रंग दाखवले. "ओकारी गेली म्हणजे गाठ विरघळली. आता किमो बंद!"

बायको हरखली. मास्तर मात्र अडून बसले.

"अगं, अर्धी शिवण सोडून कपडा देतो का आपण गिऱ्हाइकाला?"

"पुन्हा ओकायला लागलात तर मला नाही हो बघवत," ती रडवेली झाली.

तरी मास्तर दवाखान्यात गेलेच. मागोमाग तीही, तोंड फुगवून. सलाईन लावायच्या आधी सिस्टरने पाकीट फाडून त्यांच्या जिभेवर गोळी ठेवली. "ओकारी यायच्या आधीच घ्यायची, काका. घरी घेता ना?"

गोळी विरघळली आणि मास्तर ताडकन उठून बसले. स्ट्रॉबेरी! त्यांनी पाकीट बायकोच्या नाकाशी धरलं.

"अगंबाई! ही तर बाबांची पूड!"

पुढच्या बैठकीला मास्तर म्हणाले, "बाबा, आज गोळ्या नाहीत. नुसती फुंकर मारा."

"आधी टोपली भरा!"

बायकोने सरळ बाबांच्या पाठीमागचा पडदा बाजूला ओढला. खलबत्ता, पिठीसाखरेचा डबा आणि फाडलेल्या पाकिटांचा ढीग.

"आमच्याच गोळ्या कुटून आम्हालाच देतोस? वर ह्यांची किमो बंद करतोस? जीव गेला असता माझ्या माणसाचा!"

बाबांनी घाईघाईने टोपली पाठीमागे लपवली.

"ओकारी थांबते गोळीने," मास्तर लोकांना म्हणाले. "गाठ गेली की नाही, ते तपासून डॉक्टर सांगतील. गोळी लागू पडली नाही तर त्यांनाच सांगा, दुसरं औषध देतात. फुंकर गरम चहावर मारा."

मग बादलीवाली बाई उठली आणि बाबांपुढे हात पसरून म्हणाली, "माझ्या गोळ्या द्या."