शेजारणीचं भांडं

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा ओडेसाच्या आईचा नियम. सेंट लुईसमधली जुनी गल्ली सोडून ओडेसा उपनगरात राहायला आली, तेव्हा नियमही सोबत आला. ती आली होती एकाच कारणासाठी. मुलगी रेनीटा चांगल्या शाळेत जावी म्हणून. त्या रस्त्यावर काळ्या माणसांचं ते पहिलंच घर. बाकीचे शेजारी पडद्याआडून बघत बसले, पण समोरची लॉरेन हार्टविग काचेच्या भांड्यात केक घेऊन आली. ओडेसानं त्यात पीच फळांची गोड पाय-पेस्ट्री भरून ते परत केलं. चार वर्षं त्या भांड्याच्या अशाच फेऱ्या चालू होत्या. दोघींच्या मुली एकाच वर्गात, कायम शेजारी शेजारी.

मग रस्त्यावर घरं विकायच्या पाट्या लागू लागल्या. एक दलाल दारोदार फिरून, काळे राहायला येताहेत, आता घरांचे भाव पडणार, अशी गोऱ्यांना भीती घालत होता. मेल्याला विकणाऱ्याकडूनही दलाली आणि घेणाऱ्याकडूनही. लॉरेननं त्याला दारातूनच हाकललेलं ओडेसानं पाहिलं होतं, त्यामुळे ती निर्धास्त होती.

त्या शनिवारी ती भरलेलं भांडं घेऊन गेली, तर लॉरेनकडे खोकी बांधून तयार. बरंच पुढे, परवापरवापर्यंत जिथे मक्याची शेतं होती, तिथे त्यांनी घर घेतलं होतं.

"गैरसमज करून घेऊ नकोस गं," लॉरेन म्हणाली. "तुमच्यामुळे नाही. जेनीनच्या शाळेसाठी."

"शाळेला काय झालं?"

"झालं काही नाही. पण बदलत चाललीय ना. तूही बघतेस."

"बघते की. बाई त्याच, पुस्तकं तीच. पोरं तेवढी आमची वाढलीत."

लॉरेनला मान वर करवेना. भांडं तुझ्याकडेच राहू दे, असं काहीतरी ती पुटपुटली.

"मीसुद्धा शाळेसाठीच आले होते, लॉरेन."

ओडेसाला राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. भांडं खोक्यावर ठेवून ती घरी आली.

संध्याकाळी रेनीटानं विचारलं, "जेनीनची नवी शाळा खूप चांगली आहे म्हणे. आपणपण तिकडे जाऊया ना?"

आपण पोहोचलो की तीही शाळा वाईट ठरेल, हे दहा वर्षांच्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"गणिताचं पुस्तक काढ," ओडेसा म्हणाली.