रस्त्याकडचं वावर

श्यामने पायलचे दोन फ्रॉक पिशवीत भरले. वच्छलाबाईंनी ते बाहेर काढले, झटकले, पुन्हा घडी घातली आणि पेटीत ठेवून त्या पेटीवरच बसल्या. मग श्यामने तिचं स्वेटर उचललं. सासूबाईंनी नुसता हात पुढे केला, आणि त्याने ते निमूटपणे त्यांच्या हातात दिलं.

पायल दारात बूट घालून उभी होती. डावा उजव्या पायात आणि उजवा डाव्यात. पाच वर्षांच्या पोरीचं ते चालायचंच.

"बाबा, मी गाडीच्या सामोर बसू का मांगं?"

"कुठीच नाई बसाचं," वच्छलाबाई म्हणाल्या. बोलल्या नातीशी, ऐकवलं जावयाला.

"मामी, तिची शाळा बुडून राहिली."

"बुडू द्या. शाळा बुडाली तं पुढच्या साली भरते. तुमच्या गाडीवर एक पाठवली मी. आता दुसरी नाई पाठवत."

पोरगी त्याची होती, उचलून गाडीवर बसवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण आजीच्या हातातून नात ओढून नेणारा बाप त्याला व्हायचं नव्हतं. ज्या बाईची लेक आपल्या गाडीवर गेली, तिच्यापुढे हक्क सांगायला तोंड तरी कोणतं होतं?

दिवाळीनंतर पायल आजीकडे राहिली होती आणि तिला न्यायला तो आणि पौर्णिमा अकोल्याहून मोटारसायकलवर निघाले होते. बार्शीटाकळी मागे पडली, तेव्हा दिवेलागण झाली होती. गाव दोन हाकांवर उरलं असेल नसेल, तोच डाव्या हाताच्या तुरीतून काहीतरी उसळलं. रोही. नीलगाईचा घोड्याएवढा, काळानिळा नर. श्यामला दिसली ती फक्त त्याची छाती. जाग आली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला पडला होता, खांदा निखळला होता आणि पौर्णिमा पलीकडे पालथी होती. अकोल्याच्या दवाखान्यापर्यंत ती पोचलीच नाही.

श्याम अकोल्यात एका शाळेची बस चालवायचा. इतक्या वर्षांत बसला साधा ओरखडा आला नव्हता. पण पौर्णिमाच्या पुण्यानुमोदनाला पांढरे कपडे घालून आलेला प्रत्येक पाहुणा जणू परवाना काढूनच आला होता. या रस्त्यावर तिसऱ्या गिअरच्या वर जायचंच नसतं, असं एकाने सांगितलं. हॉर्न वाजवत राहिलं की जनावर लांब राहतं, असं दुसऱ्याने. जन्मात सायकलीपलीकडे न गेलेल्या एका चुलतसासऱ्याने तर ब्रेक कसा दाबायचा तेही हाताने करून दाखवलं. श्याम प्रत्येकाला एकच सांगत राहिला की गाडी हळूच होती. सांगून सांगून त्याचा स्वतःचाच विश्वास उडाला. खरंच हळू होती? पायलला भेटायची घाई झाली होती, पौर्णिमा मागून काहीतरी सांगत होती, तो हसत होता. काटा पन्नाशीवर होता की सत्तरीवर? रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसे आणि तो काटा काही केल्या आठवत नसे.

"जेवाची येळ झाली," वच्छलाबाई पेटीवरून उठत म्हणाल्या. "तुमचे मामाजी वावरात बसून असतील. आवाज देऊन आणा त्याइले. माह्यानं आता बोलवणं होत नाई."

पायलला त्यांनी ओढून मांडीवर घेतलं आणि तिचे बूट काढायला लागल्या. श्याम बाहेर पडला.

सासऱ्यांचं, भगवंतरावांचं, वावर लांबट होतं. एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला नाला, आणि नाल्यापलीकडे टेकडी व जंगल. गावातून येणारी पायवाट नाल्याच्या काठाने उतरायची. आजूबाजूच्या सगळ्या वावरांना जुन्या लुगड्यांची कुंपणं बांधलेली होती, मधूनमधून बुजगावणी, पत्र्याचे डबे. भगवंतरावांच्या वावराची लुगडी मात्र सुटून चिखलात पडली होती. तुरीला शेंगा धरल्या होत्या, आणि त्या तुरीत रोह्यांचा अख्खा कळप भरदिवसा चरत होता.

भगवंतराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसले होते. डोक्याला रुमाल, हात गुडघ्यांवर. जनावरं त्यांच्यापासून दगडाच्या टप्प्यात होती, आणि त्यांनी साधं 'हाड' म्हटलं नव्हतं. आयुष्यभर या मातीत राबलेला माणूस आपलं पीक असं खाऊ देत बसलेला पाहून श्याम पायवाटेवरच थबकला. आणि मग कळपातल्या काळ्यानिळ्या नराने मान वर केली.

श्यामचं डोकंच फिरलं. निखळून बसवलेला खांदा विसरून त्याने ढेकूळ उचललं.

"हाऽऽ! हाऽ! चला!" तो ओरडत तुरीत घुसला.

"तिकून नोका हाकलू!"

आवाज भगवंतरावांचा होता, पण श्यामला तो ओळखू आला नाही. म्हातारा धुऱ्यावरून उठला, ठेचकाळला, उठून पुन्हा धावला आणि त्याने जावयाचा हात दोन्ही हातांनी धरला.

"तिकून नोका हाकलू म्हणतो ना! रस्त्यावर जातेत ते! रस्त्यावर गाड्या असतेत!"

ढेकूळ श्यामच्या हातातून गळून पडलं. रोही थोडे बिचकले, चार पावलं सरकले आणि पुन्हा शेंगांना लागले. पलीकडे रस्त्यावरून कापसाचा एक ट्रॅक्टर सावकाश गेला. भगवंतराव तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले. त्यांनी धरलेला हात अजून सोडला नव्हता.

श्याम अकोल्यात वाढलेला. त्याला शेतीतलं फार कळत नसे. पण इतकं कळायला शेतकरी असावं लागत नव्हतं.

"मामाजी," तो म्हणाला, "त्या दिवशी कोणी हाकलले होते?"

भगवंतरावांनी त्याचा हात सोडला.

"रीत हाय आपल्याकडे," ते बोलले. "रस्त्याकडच्या वावरातले रोही कोणीबी नाल्याकून नाई हाकलत. येढा घालाचा, रस्त्यावर जाचं, अन् तिकून फटाके लावाचे. मंग ते जंगलात जातेत. लहान पोट्ट्याइलेबी माईत हाय हे. म्याच शिकवलं गावाले."

"अन् तुमी?"

"मी इथंच होतो. नाल्यापाशी." त्यांनी बोट दाखवलं. तिथे अंबाडीची वाळलेली झाडं उभी होती. "पौर्णिमा येणार होती ना. तिले अंबाडीची भाजी लागे. खुडून राहिलो होतो. मान वर केली तं पुरा कळप तुरीत. येढा घालाले पाह्यजे होता. पण म्हटलं, पोरगी घरी येऊन बसली असन. अंधार पडून राहिला. एक डाव काय होते..."

पुढचं श्यामला ऐकायचं नव्हतं. फटाक्याचा आवाज त्याला आत्ता आठवला. पौर्णिमा मागून तेच तर सांगत होती, 'बाबा हाकलून राहिले वाटते.' आणि दोघं हसले होते.

जोरात असती तर वाऱ्यात तिचं बोलणं ऐकूच आलं नसतं; म्हणजे गाडी हळूच होती! त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी त्याला इतका संताप आला की समोरच्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसं वाटलं. चाळीस जणांच्या तोंडून त्याने अपमान गिळला होता. त्यातल्या एकाही वेळी हा माणूस कोपऱ्यातून उठला नव्हता.

"काऊन नाई बोलले? इतके दिवस मले सारे बोलून राहिले होते."

"रोज बोलतो म्हणतो. तुमच्या मामीचं तोंड पाहिलं का जीभ उचलत नाई." भगवंतरावांनी रुमालाने डोळे पुसले. "आज सांगतो. तुमच्या सामोर सांगतो. मंग तुमी पोरीले घेऊन जा. ती नाई अडवणार."

दोघं घरी आले तेव्हा पानं मांडलेली होती. भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, मिरचीचा ठेचा. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली पौर्णिमाचा फोटो होता, लग्नातला, कापून मोठा केलेला. फोटोच्या एका कडेला श्यामचा खांदा तेवढा उरला होता.

पायल पेंगुळली होती. श्यामने तिला उचलून मांडीवर घेतलं; ती लगेच त्याच्या पोटाशी मुडपून झोपली. तिच्या केसांना घरच्या तेलाचा वास येत होता. संध्याकाळी ही आपल्या घरी असेल, या विचाराने त्याला पहिल्यांदाच भूक लागल्यासारखं वाटलं.

भगवंतराव पानावर बसले, पण हात भाकरीकडे जाईना. वच्छलाबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी नवऱ्याच्या ताटातली भाकरी आमटीत कुस्करली, लहान पोरासाठी करतात तशी, आणि घास त्यांच्या तोंडापाशी नेला.

"एक घास खा. मी सांगतो म्हणून खा."

भगवंतरावांनी तोंड फिरवलं.

"काल रातीबी नाई खाल्लं," त्या श्यामला म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्या त्याच्याकडे पाहून बोलत होत्या. "रातभर उठून बसते. मी हात धरून ठेवतो तवा कुठी डोळा लागते. हे माणूस हाय म्हणून मी हाय, नाई तं मी तिच्या मांगंच गेली असती." मग पुन्हा नवऱ्याकडे वळल्या. "खा ना हो. तुमीबी गेले तं मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

भगवंतरावांनी बायकोचा हात घासासकट बाजूला केला.

"वच्छला," ते म्हणाले. "तुले एक सांगाचं हाय. त्या दिवशी वावरात..."

वच्छलाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्या नजरेत संशय कसलाच नव्हता. नवऱ्याचं काही दुखतं-खुपतंय का, एवढीच काळजी होती. श्यामने ती नजर पाहिली आणि ती पुढच्या घटकेला कशी होईल तेही त्याला दिसलं. या घरात आता दोनच माणसं उरली होती आणि दोघं एकमेकांना धरून होती. एकाने दुसऱ्याचा हात सोडला, तर दोघंही गेलीच. त्याच्या मांडीवर पायल झोपेतच कुशीवर वळली. त्याला स्वतःचा फार राग आला, कारण आपण काय करणार आहोत ते त्याला कळून चुकलं होतं.

"मामाजी, राहू द्या," तो म्हणाला. "मीच सांगतो. मामी, गाडी जोरात होती."

चुलीतलं लाकूड तडतडलं. भगवंतरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"किती जोरात?" वच्छलाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"लय जोरात. पौर्णिमा मांगून म्हणून राहिली होती, हळू चालवा म्हणून. म्या आइकलं नाई."

त्या रडल्या. मुलगी गेल्यापासून त्या अशा कधी रडल्या नव्हत्या, तोंडाला पदर न लावता, मोठमोठ्याने. श्याम मान खाली घालून बसून राहिला. रडून झाल्यावर त्यांनी नाक पुसलं, उठल्या, तव्यावरची गरम भाकरी आणून त्याच्या ताटात टाकली.

"मले माईतच होतं," त्या म्हणाल्या. "आज तरी खरं बोलले. खोटं बोलत होते तवा तुमचं तोंड पाहावत नव्हतं." आणि थोडं थांबून, "पण पोरगी नाई देत मी. भेटाले या. कवाबी या. गाडीवर नाई बसू देत."

श्यामने सासऱ्यांकडे पाहिलं. अजूनही वेळ होती. त्यांनी एक शब्द काढला असता तरी पुरला असता. वच्छलाबाईंनी तो राहिलेला घास पुन्हा पुढे केला. भगवंतरावांनी तो तोंडात घेतला, बराच वेळ चावला आणि गिळला.

पायलला त्याने झोपेतच आजीच्या मांडीवर ठेवलं. जागी झाली असती, तर त्याला निघता आलं नसतं.

भगवंतराव त्याला पोचवायला अंगणापर्यंत आले. ऊन कलायला लागलं होतं. अंधार पडायच्या आत अकोला गाठता येणार होतं. श्यामने दुखऱ्या खांद्याने गाडी वळवून घेतली. सासरे हँडलला हात लावून उभे राहिले. काहीतरी बोलायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. श्याम थांबला. ते ऐकण्याची वाट पाहताना त्याला जाणवलं की आपण अजून आशा सोडलेली नाही.

मागे दारात पायलला खांद्यावर घेऊन वच्छलाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. भगवंतरावांनी एकदा तिकडे वळून पाहिलं.

"जपून जा, जवाई," ते बायकोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "जोरात नोका चालवू."

श्यामने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर हँडलवरच होती.

"हव," तो म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.