उठलेला हात

वेल्डर वर्गात शिरला तेव्हा धाकटी फळ्याकडे तोंड करून अपूर्णांकांची बेरीज मांडत होती. दार वाजलं तसं तिला वाटलं, कुणीतरी उशिरा आलेलं पोर असेल. मागे न बघताच तिने “ये, बस” म्हटलं. पुढच्याच क्षणी तिचं कपाळ फळ्यावर आदळलं. तिचे केस कुणाच्या तरी मुठीत होते आणि ती मूठ तिला पुन्हा मागे ओढत होती.

शिक्षकखोलीत सगळे तिला धाकटी म्हणत. सगळ्यांत शेवटी लागलेली ती, शाळेत येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. वेल्डरला तिने त्याआधी एकदाच पाहिलं होतं, पालकसभेत. अंग चोरून बसलेला, विचारलं तेवढंच बोलणारा माणूस. आता त्याच्या दुसऱ्या हातात भला मोठा लोखंडी पाना होता.

“माझ्या घरात माणसं पाठवतेस?” एवढंच तो म्हणाला आणि पाना खाली आला. डोकं वाचवायला तिने डावा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागाहून आली. मुलं बाकांवरून उड्या टाकत दाराकडे पळाली, एकमेकांना तुडवत. एकजण कंपासपेटीवर पाय पडून तोंडावर आपटला. धाकटी टेबलाखाली शिरली, तर त्याने टेबलच उलथवलं आणि तिच्या बरगड्यांत लाथा घालायला सुरुवात केली.

सगळा वर्ग पळाला, पण तिसऱ्या बाकावरची एक मुलगी जागची हलली नाही. ही वेल्डरचीच लेक. पेन्सिलींची टोकं कुरतडायची सवय म्हणून वर्गाने तिचं नाव खारू पाडलं होतं. ती उठून उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “बाबा, मी घरी येते. चला.” त्याने ऐकलं नाही. ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, कवायतीचे सर धावत येऊन त्याच्या पाठीवर झेपावेपर्यंत. सरांचे पुढचे दोन दात त्या झटापटीत पडले. शेवटी शिपाई आणि सर दोघांनी मिळून त्याला जमिनीवर दाबून धरलं, तेव्हाही तो पाय झाडत होता.

हे का घडलं ते शाळेत सगळ्यांना माहीत होतं. दर शुक्रवारी शाळा सुटली की नवे शिक्षक प्रयोगशाळेत जमायचे. ही बैठक थोरल्या बाईंनी सुरू केली होती. आयुष्य शिकवण्यात गेलेली, सांधे धरलेली, बोलायला फटकळ बाई. त्या बैठकीत फसलेला तास सांगायचा, जमलेला नाही. ‘मला शिकवताच येत नाही’ असलं रडगाणं तिथे चालत नसे. काय केलंस ते सांग, मग पुढचं बघू, असा थोरल्या बाईंचा खाक्या होता. धाकटीने तिथेच एकदा खारूच्या मानेवरचे पट्ट्याचे वळ आणि मनगटावरचे डाग सांगितले होते. मुलीला आई नाही, बाप ठेकेदाराकडे वेल्डिंग करतो, रात्री पितो. विचारलं तर ती ‘पडले’ म्हणते. बैठकीत एकमत झालं की तक्रार करायचीच. तिने तक्रार केली, बालसंरक्षणाचे अधिकारी वेल्डरच्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला.

त्याला अटक झाली. खारूला तिच्या मावशीने आपल्याकडे नेलं. धाकटीच्या हातात धातूची पट्टी टाकून स्क्रू बसवले.

इस्पितळात आई उशाशी बसून एकच धोशा लावायची, की ही नोकरी सोड, घरी बसून चार शिकवण्या घे. बैठकीतली मंडळी आळीपाळीने येत. तिचे तास त्यांनी आपसांत वाटून घेतले होते. चित्रकलेचा मास्तर, तिच्यासारखाच नवखा, अपूर्णांक शिकवताना कसा घामाघूम झाला ते रंगवून सांगायचा. बरगड्या दुखत तरी ती हसायची. थोरल्या बाई आल्या त्या मात्र खुर्चीत बसल्या आणि सरळ म्हणाल्या, “तक्रार करायची असं आपण सगळ्यांनी ठरवलं आणि सही तुझ्या एकटीची झाली. ते चुकलं आमचं.” धाकटीने पाणी मागितलं.

हात बरा झाल्यावर ती शाळेत परतली. बैठकीने सुचवलं की काही दिवस आमच्यातलं कुणीतरी तुझ्या वर्गात मागे बसेल. तिला ते लागलं. ती म्हणाली, मी काय परीक्षेला बसलेय? कुणी आग्रह धरला नाही. पुढे या गोष्टीचा सगळ्यांनाच पस्तावा झाला.

वर्गात ती भिंतीला पाठ लावून शिकवू लागली. फळ्यावर लिहायचं तर अर्धवट वळून, तिरकं, एक डोळा दारावर ठेवून. बाकाचं फळकुट आपटलं तरी तिच्या तोंडाला कोरड पडे. खारूही वर्गात परत आली होती. बाईंना बघितलं की ती मान खाली घालायची आणि धाकटीचीही नजर तिच्यावरून घसरून पुढच्या बाकावर जायची. दोघींनी एकमेकींशी एक अक्षरही काढलं नाही.

एके दिवशी तास संपला. मुलं दंगा करत बाहेर पडत होती. धाकटी फळा पुसत होती, लाकडी पाठीच्या डस्टरने. मागून कुणीतरी तिच्या दुखऱ्या डाव्या हाताला स्पर्श केला.

ती गर्रकन वळली आणि डस्टर हाणला. तो खारूच्या भुवईवर बसला. लाकडाची कड लागून भुवई उघडली, रक्त डोळ्यात उतरलं. खारू ओरडली नाही. तिने नुसता चेहरा वर केला, जणू पुढचा फटका कुठे बसणार ते तिला ठाऊक होतं. आणि धाकटीने तो मारला. त्याच जागी, पहिल्यापेक्षा जोरात.

मग डस्टर हातातून पडला. खडूची धूळ आणि रक्त मिळून तिच्या तळहातावर गुलाबी चिखल झाला होता. तिनेच पोरीला उचललं, ओढणी भुवईवर दाबली आणि धावत खाली नेलं. टाके पडले. दवाखान्यात खारूने डॉक्टरांना सांगितलं, “पडले.”

त्या शुक्रवारी प्रयोगशाळेत धाकटीने सांगितलं की मागून हात लागला आणि ती दचकली. ऐकून सगळे हळहळले. चित्रकलेचा मास्तर म्हणाला, तुझ्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. थोरल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“किती मारलेस?” त्यांनी विचारलं.

धाकटीने टेबलावरच्या गॅसच्या तोटीकडे पाहिलं. “दोन.”

“पहिला सोड. दुसऱ्याचं सांग.”

धाकटीला वाटलं, उठून जावं. पण ती बोलायला लागली. “दुसरा मारताना मला दिसत होतं ती कोण आहे ते. हिच्यापायी माझा हात मोडला, असं वाटलं. आणि मारल्यावर बरं वाटलं. अगदी क्षणभर.”

चित्रकलेचा मास्तर ताडकन उठला. त्याच्या धक्क्याने रॅकवरची काचेची बरणी खाली पडून फुटली. तो थोरल्या बाईंवर भडकला होता. तो म्हणाला, की हिने मार खाल्ला तो आपल्या सांगण्यावरून, आणि आता तुम्ही हिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करताय. तुम्हाला काळीज आहे की नाही? थोरल्या बाईंनी त्याला काचेवरून बाजूला व्हायला सांगितलं आणि धाकटीला म्हणाल्या, “उद्या हेडमास्तरांकडे जायचं. हेच शब्द सांगायचे. मी बरोबर येते, आणि या वेळी कागदावर माझंही नाव घालू. तुला वर्गात एकटी सोडली ती आम्हीच.”

हेडमास्तरांना प्रकरण वाढवायचं नव्हतं. आधीच शाळेची शोभा झाली होती. ते म्हणाले, मुलगी स्वतः पडले म्हणते, मग आपण कशाला उकरून काढायचं, चुकून धक्का लागला म्हणू. धाकटीने नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, मी मारलंय, दोनदा. चौकशी संपेपर्यंत तिला घरी बसवलं.

मावशीकडे ती चालत गेली. कवायतीचे सर सोबत होते, पण तिने त्यांना रस्त्यापलीकडेच थांबवलं. मावशी कपडे शिवायची, घराच्या पुढच्याच खोलीत मशीन मांडलेलं. धाकटीला ओळखताच ती उठली, कात्री हातातच होती. धाकटीने माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हणाली, की मला कळलंच नाही, हात आपोआप उठला.

मावशीने कात्री ठेवली, तिच्या मोडलेल्या हाताला धरलं आणि हिसडा देऊन तिला दारावर ढकललं. पट्टी बसवलेल्या जागेतून कळ डोक्यापर्यंत गेली. धाकटी उंबऱ्यावर मटकन बसली. रस्त्यापलीकडून सर धावले, तिने हातानेच त्यांना थांबवलं.

“तिचा बाप पहिल्यांदा माझ्या बहिणीला मारून माझ्यापुढे असाच उभा होता,” मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “हेच म्हणाला होता. हात आपोआप उठला. मी दोघांना चहा करून दिला आणि बहिणीला त्याच्याबरोबर परत पाठवलं.”

मशीनमागचा पडदा सरकला. खारू बाहेर आली. भुवईवर टाके होते, डोळ्याभोवती जांभळं-पिवळं झालं होतं. तिने बाईंना नीट न्याहाळलं, बहुधा पहिल्यांदाच.

“परत माराल का?”

धाकटीला ‘नाही’ म्हणायचं होतं. ते सोपं होतं आणि मावशीलाही तेच ऐकायचं असावं. “खात्रीने सांगता येत नाही,” ती म्हणाली. “म्हणून मी परत आले तर वर्गात एकटी नसेन. दुसऱ्या कुणी मोठ्या बाई किंवा सर असतील. आणि तुला माझ्या वर्गात बसायचं नसेल तर तशी सोय करून देऊ.”

खारूने थोडा विचार केला. “त्या दिवशी मला विचारायचं होतं, हात दुखतो का,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. मावशीने दार लावून घेतलं.

चौकशीत धाकटीचा पगारवाढीचा हक्क गेला, नोकरी राहिली. ती परतली तेव्हा खारू दुसऱ्या तुकडीत गेली होती. व्हरांड्यात समोरासमोर आल्या तर खारू भिंतीच्या बाजूने जायची. धाकटी तिला वाट सोडून उभी राहायची, हात दिसतील असे ठेवून. धाकटीच्या वर्गात मागच्या बाकावर थोरल्या बाई गुडघे चोळत बसत, त्या नसल्या तर दुसरं कुणी. पोरांना सुरुवातीला गंमत वाटली, मग सवय झाली. हळूहळू ती फळ्याकडे पूर्ण वळून लिहू लागली, पण बराच काळ तिची पाठ घामाने भिजायची.

एका शुक्रवारी, बाकी सगळे निघाल्यावर, चित्रकलेचा मास्तर मागे रेंगाळला. त्याने धाकटीला सांगितलं की दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाचं डोकं त्याने बाकावर आपटलं होतं. एकदा नाही. मुलगा रंग सांडायचा. त्या दिवशी बैठकीत त्याला जो राग आला होता तो तिच्यासाठी नव्हता, आपली पाळी येईल या भीतीचा होता. धाकटीला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ती उजवी मूठ टेबलाखाली धरून बसून राहिली. मग त्याला घेऊन थोरल्या बाईंच्या घरी गेली, आणि सकाळी तिघं हेडमास्तरांच्या दारात उभी होती.

त्याला ताकीद मिळाली, आणि वर्गात सोबत बसायला माणूस. ती धाकटी होती.

पहिल्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली. मास्तर मुलांना सावली कशी काढायची ते दाखवत होता. दुसऱ्या रांगेतल्या मुलाचा ब्रश पाण्याच्या भांड्याला लागला, भांडं लवंडलं आणि निळं पाणी दोन बाकांवरून जमिनीवर सांडलं. मास्तर पुढे झाला. मुलाने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि कपाळ गुडघ्यांत घातलं.

धाकटी उठून उभी राहिली. मास्तरने तिच्याकडे पाहिलं. मग तो जागीच थांबला, फडकं आणायला कपाटाकडे गेला, आणि मुलापासून दोन हात लांब बसून जमिनीवरचं पाणी पुसायला लागला. मुलाने तास संपेपर्यंत डोक्यावरचे हात काढले नाहीत.