आठ दिवस बिनगोळीचे

खोटं वाटेल तुम्हाला, पण आख्ख्या अंबरनाथ एमआयडीसीत डोकेदुखीच्या गोळीशिवाय आठ दिवस काढलेला कामगार मी एकटाच. हसा! आमच्या रंगाच्या कंपनीत वासाने डोकं असं ठणकायचं की भिंतीला टेकवलं तर शेजारच्या कंपनीचा भोंगा वाजायचा. शिफ्टला दोन गोळ्या ठरलेल्या. ही विठाबाई याच टपरीवर चहाबरोबर द्यायची.

साल एक्क्याण्णव. आमच्यातल्या कमळाकरची बायको मालिनी पोटुशी. आठव्या महिन्यात अंगावर काळेनिळे डाग उठले, दात घासताना रक्त यायला लागलं. तिची आई भिमाबाई बदलापूरहून न्यायला आलेली. पहिलं बाळंतपण माहेरीच. कॅम्प चारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी साफ नाही म्हटलं. "प्लेटलेट फार कमी आहेत. कळांची वाट बघू नका, आधीच दाखल करा. ताजं रक्त देणारे दोघं तयार ठेवा. आणि त्यांनी आठ दिवस डोकेदुखीची गोळी घ्यायची नाही. तसल्या रक्ताने रक्त थांबत नाही."

तिचा गट बी निगेटिव्ह. कंपनीत तसले दोघंच, मी आणि धर्मराज.

मी डोक्याला ओला पंचा बांधला. तिसऱ्या दिवशी त्यावर बायकोने पापड भाजले, शपथ! पण धर्मराज कच्चा निघाला.

मुलगी झाली, रडली. मालिनीचं रक्त थांबेना. माझी बाटली चढवली, त्याची चढवली. संध्याकाळी गेली बिचारी. कमळाकर ओरडला, "गोळी कोणी खाल्ली?" धर्मराज तोतरा, त्याला उत्तर फुटेना. मीच म्हटलं, "तोंड बघा त्याचं." कमळाकरने त्याला जिन्यावरून ढकललं. धर्मराज तिच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला आला, तर भिमाबाईने त्याच्या हातची फुलंसुद्धा घेतली नाहीत. मग वस्तीच सोडून गेला. लंगडत. आम्ही मागून त्याची नक्कल करायचो, बोलण्याची आणि चालण्याचीही...

विठाबाईने किटली खाली ठेवली.

"बबनदादा, गोळीची ही अट मला आज कळतेय. त्या आठवड्यात धर्मराज डोकं धरून नुसता चहा प्यायचा. 'मालिनी सुटू दे' म्हणायचा. आणि तुम्ही टपरीमागे येऊन रोज दोन न्यायचात. कोणाला बोलू नको म्हणायचात." तिचा आवाज चढला. "खोटारड्या, गोळी तू खाल्लीस!"